खापराचा सातबारा

आमच्या मामाचं शेत शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला आहे. कांदा लावायच्या आधी नांगरट झाली आणि त्यावर एखादा पाऊस पडून गेला, की मी तिकडं एक चक्कर मारतोच. कारण पावसानं ढेकळं विरघळतात, माती बसते आणि खापरं धुऊन वर येतात, लाल, तपकिरी, काळी, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात अशी चमकतात की वाकून वाकून कंबर धरते. मामा बांधावर उभा राहून बघत असतो. पहिल्या वर्षी म्हणाला, "आरं, काय करणार हायेस त्या फुटक्या मडक्याचं? आमच्या म्हातारीनं फोडलं आसंल." दुसऱ्या वर्षी काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या वर्षी त्यानंच एका युरियाच्या गोणीत पायलीभर खापरं जमवून ठेवली होती, माझ्यासाठी, कौतुकानं. आणि मला रडू की हसू कळेना, कारण ती गोणी तोपर्यंत जवळजवळ बिनकामाची झाली होती. का ते पुढं सांगतो, कारण हा सगळा लेख खरं तर त्या गोणीवरच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, मी पुरातत्त्वातला डिग्रीवाला नाही. नाद आहे, वाचतो, जाणकारांच्या मागं मागं फिरतो, एवढंच. पण गावाकडून व्हॉट्सअॅपवर फोटो येतात ना, "दादा हे काय आहे, किती जुनं आहे, किती किंमत येईल", त्यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कशी काढतात ते साध्या भाषेत सांगता येईल असं वाटतं. तिसऱ्याचं पण सांगतो, पण ते बऱ्याच जणांना आवडत नाही.

तर सुरुवात मातीपासून. आपल्याकडं गावाचे दोन भाग धरायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे जिथं वस्ती आहे ती जागा. जुन्या कागदपत्रांत हे शब्द सर्रास येतात. आता वस्तीची जागा पांढरी का? तर माणसं एका जागी शे-दोनशे वर्षं राहिली की तिथं काय काय साठतं बघा, चुलीतली राख, शेणसारवण, जनावरांचं मूत, हाडं, आणि पडलेल्या मातीच्या भिंती, ज्यांची माती बहुतेक नदीच्या चुनखडीच्या गाळाची. एक घर पडलं की ते उचलून कुणी टाकत नाही, तिथंच सपाट करून त्यावर दुसरं बांधतात. असं होत होत जागा वर येते आणि रंगानं भुरकट पांढरी होते. म्हणून काळ्या रानाच्या मधेच एखादा पांढरट, जरा उंच, राखेसारख्या मऊ मातीचा पट्टा दिसला, लोक त्याला पांढरीचं टेकाड किंवा नुसतं टेकाड म्हणत असले, आणि आजचं गाव मात्र दुसरीकडंच असलं, तर समजायचं की इथं कधीतरी गाव होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी भाषेतच ही खूण करून ठेवलीये आणि आपण सॅटेलाईटचे फोटो शोधत बसतो.

अशा टेकाडाबद्दल गावात एखादी गोष्ट पण असतेच. बहुतेक ठिकाणी "इथं मोठी नगरी होती, शाप लागला न् पालथी झाली" हीच. पालथी वगैरे काही झालेली नसते, बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं नाहीतर नदीनं पात्र बदललेलं असतं. पण गोष्टीतली "इथं नगरी होती" एवढी ओळ अनेकदा खरी निघते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आधी विचारायचं, गुगल नंतर.

पांढरीची माती खत म्हणून चांगली, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहितीये, राख आणि हाडं म्हणजे पालाश आणि स्फुरद झालंच ना. त्यामुळं ट्रॉल्या भरभरून ती माती रानात नेऊन टाकतात. आता इथंच घोळ होतो. तुमच्या रानात खापरं सापडली म्हणजे तुमच्याच रानाखाली जुनं गाव आहे असं नाही, ती कदाचित आजोबांनी दोन किलोमीटरवरच्या टेकाडावरून बैलगाडीनं आणलेल्या मातीतून आलेली असतील. ओळखायचं कसं? आणलेल्या मातीतली खापरं सगळ्या रानात पातळ विखुरलेली असतात, बारीक, कडा घासून गोल झालेल्या. खाली खरंच वस्ती असेल तर ती एका जागी दाट सापडतात, मोठी असतात, कडा धारदार, आणि सोबत राख, हाडं, भाजलेल्या मातीचे गोळे, चुलीचे तुकडे असं सगळं बिऱ्हाडच निघतं. म्हणजे नुसतं "सापडलं" म्हणून भागत नाही, कसं पडलंय ते बघावं लागतं.

आता खापरच का, एवढं काय आहे त्यात? लाकूड कुजतं, कापड कुजतं, लोखंड गंजतं, तांबं-पितळ लोक परत वितळवतात, सोनं तर कुणी मागं सोडतच नाही. मडकं मात्र फुटलं की कुणालाच नको असतं, उकिरड्यावर जातं, आणि भाजलेली माती हजारो वर्षं तशीच राहते. वर मडकी सारखी फुटतात, सारखी नवी लागतात आणि दर काही पिढ्यांनी त्यांची फॅशन बदलते. आपल्याच घरात बघा की, आजीचं पितळेचं पातेलं, मग जर्मनचं, मग स्टीलचं, आणि आता नॉनस्टिक. शंभर वर्षांनी कुणी आपला उकिरडा खणला तर फक्त भांड्यांवरून कुठला थर कुठल्या दशकातला ते सांगेल. खापरावरून काळ ओळखायचं तंत्र म्हणजे एवढंच, बाकी सगळा सराव.

आपल्या भागातलं सगळ्यात नावाजलेलं खापर म्हणजे जोर्व्याचं. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. तिथं १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि तेव्हापासून अशी भांडी कुठंही सापडली तरी जगभरचे अभ्यासक त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००, म्हणजे आजपासून तीन-साडेतीन हजार वर्षं मागं. अशी 200हून जास्त ठिकाणं महाराष्ट्रात माहीत आहेत, बहुतेक सगळी नदीकाठच्या शेतात.

हे खापर ओळखायला तसं सोपं. नारिंगी-लाल रंग, त्यावर काळ्या रंगात रेघा, जाळी, चौकटी, त्रिकोण असली नक्षी. चाकावर केलेलं, अंगानं पातळ आणि भट्टीत इतकं छान भाजलेलं की नखानं किंवा दुसऱ्या खापरानं टिचकी मारली की टण्ण वाजतं, धातू वाजावा तसं. आपल्या माठाचं खापर बद्द वाजतं, हातात दोन्ही धरून बघा म्हणजे फरक लगेच कळेल. आकारात दोन ठळक, एक कमरेत घडी पडल्यासारखा कंगोरा असलेला वाडगा आणि दुसरं तोटीचं भांडं. ती तोटी रानात सुटी सापडते आणि लोकांना वाटतं चिलीम आहे.

चिलमीवरून आठवलं, ही एक मजेशीर खूण आहे. खरीखुरी मातीची चिलीमही शेतात बऱ्याचदा सापडते, आणि लोक ती हजारो वर्षं जुनी म्हणून पाठवतात. पण तंबाखू आपल्याकडं आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून, इकडं ओढायची सवय लागली साधारण १६०० च्या आसपास. मग तंबाखूची चिलीम ज्या थरात आहे तो थर त्याच्या आधीचा असूच शकत नाही. शिवाजी महाराजांच्या काळातला असेल, पेशवाईतला असेल, पांडवांचा नक्की नाही. अशा एका वस्तूनं अख्ख्या थराला "ह्याच्या अलीकडचा" अशी एक हद्द पडते, आणि काळ ठरवायचं अर्धं काम असल्या हद्दी आखण्याचंच असतं.

तसंच जात्याचं. गोल फिरणारं जातं आपल्याला अनादि काळापासूनचं वाटतं, पण जोर्व्याच्या काळात ते नव्हतं. तेव्हा धान्य पाट्यावर वरवंटा पुढंमागं घासून दळायचे. मधून खोलगट झालेले असे पाटे सापडतात, आणि ती खोली बघितली की दळणाऱ्या बाईच्या गुडघ्यांचा आणि मनगटांचा विचार येतोच. फिरतं जातं इकडं आलं सातवाहनांच्या काळाच्या आसपास. म्हणजे जात्यावरची ओवी फार तर दोन हजार वर्षांची, त्याआधीच्या बायका काय गात होत्या देव जाणे.

आता त्या लोकांचं घर-दार कसं होतं हे आपल्याला एवढं बारीक कसं कळलं, तर इनामगावमुळं. इनामगाव आमच्या मामाच्याच तालुक्यात, घोड नदीच्याच काठी, म्हणून माझा जरा जास्त जीव. १९६८ ते १९८३ असं वर्षानुवर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं खोदलं, सांकलिया, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर ही मंडळी होती. कुठला राजवाडा नाही, सोन्याचं नाणं नाही. शेतकऱ्यांचं गाव, त्यांची घरं, चुली, खड्डे, आणि तेच एवढ्या बारकाईनं खणलं म्हणून ते देशभरच्या अभ्यासकांना माहीत झालं. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी उघड्या केल्या. कुडाच्या भिंती, म्हणजे काठ्या-कामट्या उभ्या करून वर माती लिंपलेली, चौकोनी घरं, कोपरे गोलसर, आत चूल, बाजूला धान्याचं पेव, कणगी ठेवायला गोल चौथरा. कणगी काय नि पेव काय, हे शब्द अजून आपल्या तोंडात आहेत, कसलंही भाषांतर करावं लागत नाही. जव हे त्यांचं मुख्य पीक, सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. आणि नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध घातलेला. तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरीसुद्धा पाण्यामागंच होता, आता आमचा मामा मोटरीच्या लाईटमागं असतो.

धान्य कसं कळलं, ते तर कुजायला पाहिजे, असं कुणीतरी विचारतंच. बरोबर आहे, चांगलं धान्य कुजतं. पण जे चुलीत पडलं, करपलं, कोळसा झालं, ते टिकतं, कारण कोळशाला कीड-बुरशी खात नाही. मग खणलेली राखेची माती पाण्याच्या टाकीत सोडून हलवतात, जड माती खाली बसते आणि हलका कोळसा, करपलेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीनं निथळून घेतात. आपण डाळ धुताना फोलपटं वर येतात ना, तसंच. एखाद्या बाईच्या हातून कधीतरी दाणे चुलीत सांडले असतील, तिला हळहळ वाटली असेल, आणि आज जव पिकत होतं याचा पुरावा म्हणून तेच दाणे उभे आहेत.

कोळशाचा दुसरा उपयोग वय काढायला. सगळ्या सजीवांत एक किरणोत्सारी कार्बन असतो, कार्बन-१४. झाड जिवंत आहे तोवर तो हवेतून भरत राहतो. झाड तोडलं की भरणं बंद, आणि असलेला हळूहळू ओसरत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पाण्याची टाकी भरून नळ बंद केला आणि खाली एक ठरलेली गळती आहे असं समजा, किती पाणी उरलंय ते मोजलं की नळ कधी बंद झाला ते सांगता येईल. म्हणून राख, कोळसा, हाड दिसलं की त्याला हात लावायचा नाही, तेल नाही, फेविकॉल नाही, कारण आजचा कार्बन त्यात मिसळला की हिशोब बिघडतो. आणि हेही ध्यानात ठेवा की ह्यानं वय कळतं ते लाकूड, हाड असल्या एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं. दगडाचं, तांब्याचं वय ह्यानं निघत नाही, ते काढायचं तर त्याच्या बाजूला त्याच थरात पडलेला कोळसा पाहिजे.

इथं आपण परत त्या गोणीकडं आलो.

एखाद्या जमिनीचा सातबारा नसेल तर ती जमीन कितीही चांगली असो, तिचं काय करणार? खापराचंही तसंच आहे. ते कुठल्या गटात, टेकाडाच्या कुठल्या अंगाला, किती खोल, कशाच्या शेजारी पडलेलं होतं, हा त्याचा सातबारा. मामानं तीन रानांतली, वरची-खालची सगळी खापरं एका गोणीत घातली आणि सगळ्यांचे सातबारे एका झटक्यात फाटले. आता त्यात जोर्व्याचंही आहे, सातवाहनकाळातलं काळं-तांबडंही आहे, आणि मला खात्री आहे आजीनं फोडलेलं घागरीचं बूडही आहे. प्रत्येक तुकडा कुठल्या जातीचा ते ओळखता येईल, पण कुठलं कुठं होतं, कोण आधी कोण नंतर, ते गेलं. मामाला तोंडावर असं म्हटलं नाही अर्थात. चहा घेतला, गोणी गाडीत टाकली.

हे मी उगाच ताणतोय असं वाटत असेल तर दायमाबादचं बघा. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठीच. १९७४ मध्ये तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना चार वस्तू सापडल्या, हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, रथात उभा माणूस. भरीव धातूच्या, सगळ्या मिळून ६० किलोच्या वर वजन, रथ ४५ सेंटीमीटर लांब. भारतातल्या जुन्या धातुकामातला हा एक थोर ठेवा, देशातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये ह्या वस्तू आहेत, मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नक्की थांबा, फोटोत त्यांचं वजन कळत नाही. पण त्या नेमक्या कुठल्या काळातल्या ह्यावर अजून वाद आहे. दायमाबादला एकावर एक पाच वस्त्यांचे थर, सगळ्यात खालचा सावळदा, मग उत्तर हडप्पा (म्हणजे सिंधू संस्कृतीचा उतरता काळ), मग दायमाबाद, माळवा, वर जोर्वे. बहुतेक जण त्या उत्तर हडप्पा थराच्या मानतात, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपास. पण त्या रीतसर उत्खननात, थर बघत बघत निघालेल्या नाहीत, शेजारी कोळसा नाही, खापर नाही, आणि धातूत आर्सेनिक जास्त आहे म्हणून काही जाणकारांनी शंका काढली. त्या माणसाचा ह्यात काडीचा दोष नाही, तो बिचारा खोड काढत होता. पण एवढा मोठा ठेवा आणि सातबाऱ्यावर नाव नाही, अशी गत झाली.

थर म्हणजे काय ते पण सांगूनच टाकतो. घरात एकाच खुर्चीवर रोजचे कपडे टाकणारा एकतरी असतो. सोमवारचा शर्ट तळाला, शनिवारचा वर. वरून एकेक उचलला तर वार कळतात, सगळा ढीग उपसून टाकला की संपलं. टेकाडाचं तसंच. फक्त मधे उंदरानं बीळ केलं, कुणी पेव खणलं, झाडाचं मूळ गेलं की सोमवारचा मोजा शनिवारात येतो. म्हणून उत्खनन करणारी माणसं ब्रश घेऊन मातीच्या रंगातला फरक तासन्‌तास बघत बसतात, आणि गावकरी बांधावरून म्हणतात, ह्यांना काही सापडंना जणू.

नांगर वरचे थर ढवळतो, ते पूर्वीही होतंच. पण बैलाचा नांगर वितीएवढा जायचा, खालचं शाबूत राहायचं. आता ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूट-सव्वा फूट जातो. आणि जेसीबीनं सपाटीकरण केलं किंवा टेकाडाची माती वीटभट्टीला गेली की विषयच मिटला, दोन दिवसांत तीन हजार वर्षं ट्रॉलीत. मी शेतकऱ्याला दोष देत नाहीये. उंचवट्याच्या रानात ठिबकला प्रेशर पुरत नाही, तो सपाट करणारच, पोटाला बांधून कुणी टेकाड जपत नाही.

पण गुप्तधनवाल्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. त्याचं कारण इनामगावातच आहे. त्या लोकांत लहान मूल गेलं तर त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी घ्यायची, आत मूल ठेवायचं, दोन्हीची तोंडं एकमेकांना लावायची, आणि घराच्याच जमिनीत खड्डा करून आडवी पुरायची, वरून सारवण. आईच्या चुलीपासून चार हातांवर. सोबत एखादा छोटा वाडगा, एखादं तोटीचं भांडं, कधी मण्यांची माळ. अशी कितीतरी दफनं तिथं मिळाली, नेवाशाला आणि इतर ठिकाणीही मिळाली. आता विहिरीच्या नाहीतर पायाच्या खड्ड्यात तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी दिसली की आपल्या माणसाच्या डोक्यात एकच येतं, हंडा! रात्री कंदील, लिंबू-नारळ, मांत्रिक, आणि पहारीचा एक घाव. आत निघते माती आणि पक्ष्याच्या असाव्यात एवढाल्या बारीक हाडकाड्या. मग म्हणतात, धनाचा कोळसा झाला, राखणदार कोपला. अरे, ते तुमच्या-आमच्यासारख्याच कुणाचं तरी लेकरू होतं.

मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं निजवून पुरायचे, आणि पायाची पावलं घोट्यापासून तोडलेली असायची. का, तर मेलेला माणूस चालत परत कुठं जाऊ नये म्हणून असावं, असा अंदाज करतात. अंदाजच तो, कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्यांना लिपीच नव्हती. आणि एक माणूस मात्र वेगळा, मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या, पोट सुटलेल्या माणसासारख्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला, पावलं जागेवर. गावचा मुखिया असणार. पाटलाचा मान तेव्हाही वेगळाच.

पुढं इ.स.पू. १००० च्या सुमारास प्रवरा-गोदावरीकाठची बहुतेक गावं ओस पडली. पाऊसमान कमी झालं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. इनामगाव त्यानंतरही तीनेकशे वर्षं तगून राहिलं, पण कसं, तर चौकोनी घरांच्या जागी गोल खोपटी आली, शेती कमी, शिकार जास्त, भांडी ओबडधोबड. आणि मग तेही उठलं. खापरांचा दर्जा उतरताना बघितला की दुष्काळ काय असतो ते कळतं, त्यासाठी शिलालेख लागत नाही.

बाकीच्या भागांचं थोडक्यात सांगतो. विदर्भात, विशेषतः नागपूरच्या आसपास, जुनापाणी, माहूरझरी ह्या बाजूला रानात मोठमोठ्या धोंड्यांची गोल रिंगणं आहेत, ती लोहयुगातली दफनं. आत लोखंडी हत्यारं, घोड्याची हाडं आणि घोड्याचे तांब्याचे दागिने मिळाले, आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. तिकडं धोक्यात असतात ते हे धोंडे, बांधाला नाहीतर खडीला उचलून नेतात. मराठवाड्यात तेर, पैठण, भोकरदन इथं पावसाळ्यात रानातून मणी, शंखाच्या बांगड्या, शिशाची नाणी निघतात, सातवाहनकाळातली. शिशाचं नाणं दिसायला काळं ढब्बू, गोफणीच्या गोळीसारखं, त्यामुळं लोक फेकून देतात. तेरचं म्युझियम ज्यांच्या नावानं आहे ते रामलिंगप्पा लामतुरे गावातलेच, त्यांनी गोळा केलेल्या वस्तूंतूनच ते उभं राहिलं. म्हणजे गावातला माणूस हे करू शकतो, आणि केलंय. नदीच्या खडकाळ थरांत, नेवाशाजवळ वगैरे, दगडी हातकुऱ्हाडी मिळतात, त्या लाखो वर्षं जुन्या, तेव्हा शेतीच काय, आपल्यासारखा माणूसही नव्हता. आणि बांधावरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीतले कोरीव दगड, तर सगळ्यांनाच माहीत. त्यांना शेंदूर फासू नका असं तज्ज्ञ म्हणतात, नक्षी बुजते, खरंय. पण माझं उलटं मत असं की शेंदूर होता म्हणून कित्येक वीरगळ पायरीत, मोरीत जायचे वाचले.

आता कायद्याचं, कारण खरी भीती तिथं आहे. "सरकारला कळलं की जमीन जाईल", म्हणून लोक वस्तू परत पुरतात नाहीतर नदीत टाकतात. नुसती खापरं सापडली म्हणून कुणी जमीन घेत नाही. बंधनं येतात ती सरकारनं अधिसूचना काढून संरक्षित केलेल्या जागेला. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढं २०० मीटर परवानगी लागते. उत्खननापायी शेताचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद केंद्राच्या कायद्यात आहे. मौल्यवान काही निघालं, नाणी, दागिने, तर १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. दहा रुपये, हो, रक्कम तेव्हापासून तीच. सरकारनं ती वस्तू घेतली तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो, फुकट नेत नाहीत. लपवलं तर मात्र गुन्हा. आणि "किती येतील" ह्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं वगैरे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, तिचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. खापराला तर कुणी चहासुद्धा पाजणार नाही.

प्रत्यक्षात करायचं काय ते मी मामाला जे सांगितलं तेच सांगतो. उचलायच्या आधी जागेवर फोटो, बाजूला दहाचं नाणं किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाईलचं लोकेशन चालू. मग एक मागं जाऊन फोटो, ज्यात बांध, विहीर, झाड काहीतरी ओळखीचं येईल. घ्यायचंच तर थोडंच, आणि कागदी पिशवीत चिठ्ठी टाकून, तारीख, गट नंबर, कुठल्या कोपऱ्यात, किती खोल. ब्रशनं घासायचं नाही, लिंबू-चिंच लावायची नाही, तांब्याचं हिरवं तर अजिबात काढायचं नाही. खाली राखेचा थर, मडक्याचं तोंड, हाडं दिसली तर तेवढी जागा सोडून नांगरायचं आणि कळवायचं, राज्याचं पुरातत्त्व खातं, जवळचं म्युझियम, नाहीतर कॉलेजात इतिहास शिकवणारे कुणी. लगेच कुणी धावत येईल अशी आशा ठेवू नका, मला एका ऑफिसात "अर्ज द्या, बघू" एवढंच दोन वर्षं ऐकायला मिळालं. पण अर्जाची पोच घेऊन ठेवा, फोटो ठेवा. नोंद झाली की निम्मं काम झालं.

मामानं हे सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मला वाटलं विसरला. परवा रात्री फोन आला. "आरं, वरच्या पट्टीत बांधाकडंनं राख लागलीया, हातभर रुंद, न् एक रांजणाचं त्वांड दिसतंय. हात न्हाई लावला. फोटू काढलाय, नाणं ठिवून." मी म्हटलं, मामा, आत बघू नका, मी रविवारी येतो. तर म्हणाला, "ये. पर सोमवारपस्तोरच थांबतो बघ, ट्रॅक्टरवाल्याला इसार दिलाय."